तुझ्याकडे कोण?

ऑगस्ट संपता संपता दगडी घरातलं गरम पाणी गेलं. दर वर्षी जातं. सुट्टीवरून परतलेली मुलं एकाच सकाळी न्हाणीघरांत घुसतात, तळघरातला म्हातारा बॉयलर मान टाकतो, आणि मग सगळी फौज कमरेला टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहते.

“मॉम, पाणी बर्फासारखं आहे.”

“बरं आहे. लवकर आटपाल.”

“ग्रँट किंचाळला, मॉम. वरच्या मजल्यापर्यंत ऐकू आलं.”

“मी किंचाळलो नाही,” ग्रँट म्हणाला. तो विद्यार्थी मंडळाचा या वर्षीचा अध्यक्ष. “मी मत व्यक्त केलं.”

मी प्लंबरला फोन लावला आणि अंडी फेटायला घेतली. मी इथली हाउस मदर. मुलांच्या जेवणाचं बघते, ताप आला तर बघते, भांडणं ऐकून घेते, आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहते. कॉलेजातल्या मुलांचं हे निवासी मंडळ; त्याचं खरं नाव तीन ग्रीक अक्षरांचं आहे, पण गावात कुणी ते घेत नाही. इमारत इथल्याच खाणीतल्या चुनखडीची, म्हणून दगडी घर. निवृत्तीपर्यंत मी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत होते. नमुना घ्यायचा, तपासायचा, शंका आली तर पुन्हा तपासायचा, आणि दिसलं तेवढंच सांगायचं. इथेही तेवढंच सांगते आहे.

ही नोकरी मी वडिलांसाठी धरली. ते नव्वदीच्या पुढे गेलेत आणि मागच्या रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात असतात. त्यांची आठवण काही वर्षांपासून विरत चालली आहे. रोज दुपारी मी त्यांच्याकडे जाते, सफरचंदाचा गर भरवते, आणि थकून परत येते. अंगमेहनतीचा थकवा नाही तो. ज्या माणसानं तुम्हाला पोहायला शिकवलं त्याला रोज नव्यानं आपलं नाव सांगायचं, त्याचा थकवा.

विद्यार्थी असताना ते याच घरात राहत होते. पुढे त्यांनी नदीकाठच्या गावांसाठी पूर अडवणाऱ्या भिंती आणि त्यांचे पोलादी दरवाजे बांधले. जेवणाच्या दालनात मंडळाच्या नामवंतांच्या तसबिरी आहेत: एक गव्हर्नर, एक खगोलशास्त्रज्ञ, एक बेसबॉलपटू जो फक्त एका मोसमापुरता गाजला, आणि खिडकीशेजारी ॲन्सेल रिटर, माझे वडील. माझं आडनाव नवऱ्याचं, त्यामुळे मुलांना हे नातं ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर झेंडा आणि गाणी घेऊन सगळी त्यांच्या खोलीत धडकली असती, आणि एवढे अनोळखी चेहरे बघून ते रडले असते.

मंडळाची एक रीत आहे. नव्या प्रत्येक मुलाला भिंतीवरचा एक दिवंगत बंधू दिला जातो. त्यानं तो पाठ करायचा: जन्म, शिक्षण, कामं, लग्न, सवयी, जे मिळेल ते. सप्टेंबरभर जुनी मुलं जिन्यात, रांगेत, तोंडात घास असताना कुठेही अडवून विचारतात, “तुझ्याकडे कोण?” आणि नव्यानं धडाधडा सांगायचं. ऑक्टोबरात स्थापना दिनाच्या दुपारी आईवडिलांसमोर पंगत बसते. अध्यक्ष एकेका दिवंगताचं नाव पुकारतो, आणि ज्याच्याकडे तो असेल तो मुलगा उभा राहून म्हणतो, “हजर.”

या वर्षी नवी मुलं जास्त आली आणि मेलेले कमी पडले. हे ग्रँटचेच शब्द. मग मंडळाच्या मासिकात कुणाला तरी ॲन्सेल रिटर हे नाव दिवंगतांत सापडलं. मी वडिलांचं जुनं घर विकलं तेव्हापासून त्यांचं टपाल परत जात होतं. पत्ता सापडत नाही असा नव्वदीपलीकडचा माणूस गेला असणार, असं मुख्य कचेरीनं धरलं असावं. एका सकाळी कॉफी घेऊन दालनात गेले तर वडिलांच्या तसबिरीला काळी फीत लावलेली होती.

मला हसू आलं. असल्या कागदी चुका मी आयुष्यभर पाहिल्या. पंगतीआधी सांगू म्हटलं.

ते ज्याच्या वाट्याला आले त्याचं नाव थॅड यॉडर. उत्तरेकडच्या शेतवाडीतला, मोठ्या कानांचा, लाजरा मुलगा. जेवण झाल्यावर स्वतःची ताटली स्वतः घासणारा इथे तेवढा एकच. आईशी रोज फोनवर बोलायचा आणि त्यावरून इतरांचे टोमणे खायचा. सुरुवातीला इतरांसारखीच त्याचीही घोकंपट्टी चालली. रिटर, अमुक साली जन्म, अमुक गावची भिंत. मी बटाटे सोलता सोलता वडिलांचं आयुष्य त्याच्या तोंडून ऐकायची. त्यात चुका असत, त्या मी सुधारत नसे.

मग चुका थांबल्या.

एकदा तो भांडी पुसत म्हणाला, “पहिला दरवाजा बंदच होईना, मॉम. सगळा गाव काठावर उभा, बँड वाजतोय, आणि दरवाजा अडकलेला. शेवटी आम्ही त्याला डुकराची चरबी चोपडली.”

“आम्ही?”

“ते. रिटर.” तो स्वतःच गोंधळला. “कुठेतरी वाचलं.”

ही गोष्ट कुठे छापलेली असणं शक्य नव्हतं. वडिलांनी ती लोकांपासून लपवली होती. फक्त आमच्या जेवणाच्या टेबलावर, फक्त नाताळात, ते ती सांगत. मी मनाशी म्हटलं, त्या वेळच्या कुणा गावकऱ्याची आठवण कुठे उतरवून ठेवलेली असेल. त्या दुपारी मी वडिलांना तीच गोष्ट सांगायला घेतली. बाकी सगळं विसरले तरी डुकराची चरबी ते कधी विसरत नसत, तो शब्द नेहमी त्यांचा असे. मी थांबले. ते माझ्याकडे बघत राहिले, पुढे काय झालं हे ऐकायला उत्सुक असलेल्या परक्या माणसासारखे.

आजार वाढतोच. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं.

तरी सवयीनं मी एक चाचणी केली. थॅडला सहज म्हटलं, “रिटर घोड्यांना फार घाबरत म्हणे.”

“घोड्यांना? छे!” तो मोठ्यानं हसला. ते हसणं त्याचं नव्हतं, इतकं मोठं तो कधी हसत नसे. “हंसांना. तेही पाळीव. पांढरे दिसले की रस्ता बदलायचा.”

मी सोललेला बटाटा पुन्हा सोलायला लागले.

सप्टेंबरात त्याची थट्टा सुरू झाली. खोलीतला सोबती सगळ्यांसमोर सांगायचा, “काल हा भाऊ माझ्या पलंगावर झोपला. वर मलाच विचारतो, तू कोणाचा?” मुलं हसायची, थॅडही हसायचा, जरा उशिरा. गणिताची तो अवघडातली अवघड उदाहरणं चुटकीसरशी सोडवत होता, पण कागदावर, लांबच लांब, कुणी शिकवत नाही त्या पद्धतीनं. फोन वाजला तर त्याकडे बघायचा आणि वाजू द्यायचा.

“आई असेल रे, उचल,” मी म्हटलं.

“कुणीतरी बाई सारखी करते, मॉम,” तो म्हणाला. “चुकीचा नंबर असावा.”

आणि वृद्धाश्रमात वडील सुधारत होते. योलांडा, तिथली नर्स, मला दारातच गाठून सांगायची. जेवतात, लाजतात, ताटली स्वतः उचलायला बघतात. एका वासराची चौकशी करतात, त्याचा पाय बरा झाला का म्हणून. आमच्याकडे कधी वासरू नव्हतं. बालपण परत येतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण वडील शहरात वाढले होते.

एका दुपारी मी खोलीत शिरले तेव्हा ते ताठ बसले.

“मॉम,” ते म्हणाले. “गरम पाणी आलं का?”

आदल्या दिवशी बॉयलर पुन्हा गेला होता. मी त्यांना त्याबद्दल काही बोलले नव्हते.

स्थापना दिनाच्या आदल्या दुपारी मी दालनात चांदीचे चमचे पुसत बसले होते. थॅड खुर्च्या मांडत होता. दिवस उतरत होता आणि उन्हाची तिरीप तसबिरींच्या काचांवर होती. खुर्ची खाली ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला.

“बटन,” तो म्हणाला. “बस झालं आता. किती दमलीस.”

मला या नावानं हाक मारणारी दोनच माणसं होती. एक आई, ती कबरीत आहे.

तो शेजारी बसला. माझा गुडघा अजून दुखतो का, विचारलं. कुंपणाजवळची लायलॅक नव्या मालकानं ठेवली का, विचारलं. नवरा गेला तेव्हा मी आलो नव्हतो ना, म्हणाला, रस्ता आठवेना गं. आवाज एकोणीस वर्षांच्या मुलाचा होता, पण शब्द शोधायची, वाक्याच्या मध्ये थांबून हनुवटी चोळायची रीत त्यांची होती. मी बोलत राहिले. किती तरी वर्षांनी मी वडिलांशी बोलत होते आणि ते मला ओळखत होते.

मग माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. शेतावर काम केलेले रुंद, लाल हात. अंगठ्यावर दाव्याचा जुना वळ. हे हात कुणीतरी धुऊन, पुसून, हातमोजे घालून वाढवले होते.

मी उठले. “जाऊ नकोस ना,” तो म्हणाला. मी गेले.

ग्रँट व्हरांड्यात झेंडूच्या कुंड्या मांडत होता.

“ॲन्सेल रिटर जिवंत आहेत,” मी म्हटलं. “माझे वडील आहेत ते. मागच्या रस्त्यावर राहतात.”

“थट्टा करताय?”

“नाही.”

“अरे देवा. मॉम, सॉरी. मासिकात होतं. मी खरंच... फीत काढतो. आत्ता काढतो. थॅडला तो बेसबॉलवाला देऊन टाकतो, तो ज्याच्याकडे होता तो मुलगा गेल्याच आठवड्यात मंडळ सोडून गेला.”

“त्याच्याकडून काढून घे, बस्स. उद्या ते नाव पुकारू नकोस.”

“शब्द देतो.”

त्यानं शब्द पाळला. फीत माझ्यासमोर काढली. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दालन माणसांनी भरलं. भाजलेलं हॅम, मक्याची खीर, आयांनी भाजून आणलेले ॲपल पाय. मी दाराजवळ उभी होते. मार्लीस यॉडर उशिरा पोचली. मुलासारखेच कान, हातात टॉवेलात बांधलेला ॲपल पाय, चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांची काळजी. ती सरळ थॅडकडे गेली.

तो अदबीनं उठला आणि त्यानं हात पुढे केला. “आलात, बरं वाटलं. कुणाच्या आई तुम्ही?”

“नाटकी कुठला,” ती हसत म्हणाली. “फोन उचलत नाहीस, आणि वर हे.”

तो सौजन्यानं हसत राहिला. तिचं हसू हळूहळू गेलं. ती त्याच्या शेजारी बसली, टॉवेलाची गाठ न सोडता.

ग्रँटनं नावं पुकारायला सुरुवात केली. गव्हर्नर. हजर. खगोलशास्त्रज्ञ. हजर. मुलांचे आवाज फाटत होते, बाप फोटो काढत होते. बेसबॉलपटूचं नाव आलं तेव्हा कुणीच उठलं नाही, आणि लोक हसले. माझ्या वडिलांचं नाव आलं नाही.

ग्रँटनं मान वर केली. “झालं. आता जेवूया.”

थॅड उभा राहिला.

“हजर,” तो म्हणाला.

पुन्हा हशा. तो खाली बसला नाही. आईनं त्याची बाही ओढली. “बस रे, थॅड.” त्यानं तिचा हात हळुवारपणे बाजूला केला आणि दालनापलीकडून माझ्याकडे बघून मान हलवली. पोहायला शिकवताना, मी पाण्यात उडी मारण्याआधी वडील हलवत तशी.

माझा फोन थरथरला. वृद्धाश्रमाचा नंबर. मी भिंतीला टेकले. काय ऐकावं लागणार, हे मला माहीत आहे असं वाटलं.

“घाबरू नका,” योलांडा म्हणाली. “छान आहेत. इतके ताजेतवाने मी त्यांना कधी पाहिलेच नाहीत. नुसते मागे लागलेत, आईला फोन लावून दे म्हणून. आई आलीय, पण कुठे आलीय ते कळत नाही म्हणतात, तिला तिकडे कुणाची ओळख नाही. नंबर सांगितला हो, एका दमात. म्हटलं मन राखावं. पलीकडच्या फोनवर लावून दिलाय. वाजतोय.”

दालनात कुठेतरी पर्समध्ये फोन वाजू लागला.

मार्लीसनं तो काढला, नंबर न ओळखून कपाळाला आठ्या घातल्या, आणि कानाला लावला.

“हॅलो?”

तिनं ऐकलं. खांदे सैल पडले.

“अरे, तू होय! कधीची शोधतेय तुला मी.” मग जरा थांबून, काळजीनं, “आवाज असा का येतोय? सर्दी झालीय का तुला?”

थॅड तिच्या शेजारीच उभा होता. तो काहीतरी बोलायला लागला. तिनं त्याला गप्प राहायची खूण केली, नीट ऐकू यावं म्हणून दुसऱ्या कानावर तळहात दाबला, आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.