एकमताने

माझ्या वडिलांचं काम करणारा नट पोहे खाताना टोपी काढत नव्हता, एवढीच त्या सकाळी माझी तक्रार होती. भाऊ जेवायला बसले की टोपी काढून मांडीवर ठेवायचे. मी दिग्दर्शकाला, आदेशला, तसं सांगितलं. "प्रेमाताई, तो नाश्ता करतोय हो, शूटिंग अजून सुरू नाही," तो म्हणाला. तेही खरंच. मुरबाडच्या शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवून चुका काढायची खोड लागलीय मला.

भाऊ म्हणजे नथूभाऊ, आमच्या भागाचे एके काळचे आमदार. त्यांच्यावरच हा सिनेमा. शेणव्याच्या पुढे, भात कापून झालेल्या एका शेतात आम्ही १९८४ सालची सभा उभी केली होती. लाकडी फळ्यांचं स्टेज, पताका, बांबूला बांधलेला कर्णा. आसपासच्या पाड्यांवरची दीडशे माणसं श्रोते म्हणून जमवली होती. आदेशची सहायक दिपिका रांगांमधून फिरून मोबाइल आणि घड्याळं काढून घेत होती. बायाबापड्या हसत होत्या, ऊन तापायला लागलं होतं.

या एका सभेवर सगळा सिनेमा उभा होता. करवंदवाडी नावाचा पाडा उठवून तिथे तलाव करायचा होता. भाऊंनी जबरदस्ती केली नाही. पाड्यातली सगळी माणसं बोलावली आणि विचारलं, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा." सगळे हात वर गेले. ठरावात लिहिलं गेलं, 'एकमताने'. तलाव झाला. कबूल केलेली जमीन मात्र पाड्याला मिळाली नाही, आणि विरोधकांना आयतं सापडलं: लोकांनी एकदाच हात वर केले, नथूभाऊंनी कायमचे केले. शाळेत पोरं मला बघून दोन्ही हात वर करायची. रडत घरी यायचे मी. पण माझं उत्तर ठरलेलं होतं. लोकांनी होकार दिला होता, मी स्वतः पाहिलं होतं. सात वर्षांची होते, स्टेजवर भाऊंच्या पायाशी बसले होते, आणि समोर एकही हात खाली नव्हता. दर पुण्यतिथीला मी हे माइकवर सांगत आले. सिनेमातला प्रसंगही माझ्या सांगण्यावरूनच लिहिलेला.

पहिला टेक अकराच्या सुमारास झाला. कॅमेरा स्टेजवर, नटाच्या खांद्यामागून लोकांकडे रोखलेला. मी त्याच्याही मागे, कोपऱ्यात. आदेश खाली काळ्या कापडाच्या आडोशाला, लोकांकडे पाठ करून, मॉनिटरसमोर.

नटाने खाकरून घसा साफ केला. अगदी भाऊंसारखा. "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

दीडशे हात वर गेले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"कट!" आदेश आतून ओरडला. "अरे, हात कुठायत?"

"वर आहेत की," मी म्हटलं.

तो कापड बाजूला सारून बाहेर आला तोवर लोक नेहमीसारखे बसले होते. त्याने दिपिकाला झापलं. दिपिका म्हणाली, "सर, सगळ्यांनी केले. मी पुढेच उभी होते." नटही तेच म्हणाला.  कॅमेरामन मात्र नुसता कॅमेऱ्याकडे बघत होता.

दुसऱ्या टेकला आदेश स्वतः स्टेजवर येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. हात वर गेले. शेवटच्या रांगेपर्यंत, बांगड्यांचे, काळवंडलेले, एक तर दोन बोटं तुटलेला. "परफेक्ट," आदेश पुटपुटला, आणि आम्ही दोघं मॉनिटरकडे गेलो.

मॉनिटरवर माणसं मांडीवर हात ठेवून बसली होती. सगळी. नट विचारत होता, ती ऐकत होती आणि कुणीही हलत नव्हतं. मागच्या झाडावरून एक पाखरू उडालं, ते आम्ही दोघांनीही टेकच्या वेळी पाहिलं होतं. म्हणजे टेक तोच होता.

आदेशने तीनदा लावून पाहिला. मग कॅमेरा बदलला.

तिसऱ्या टेकला मी माझा फोन समोर धरला.

फोनच्या वरून पाहिलं, हात वर.

फोनमध्ये पाहिलं, हात खाली.

पुन्हा वरून. पुन्हा आत. नजर दोन बोटं वरखाली होत होती, तेवढ्यात दीडशे हात जात होते आणि येत होते. फोनमध्ये पहिल्या रांगेतली एक बाई सरळ माझ्याकडे बघत होती. हात मांडीवर.

टेक संपल्यावर मी तिच्यापुढे जाऊन बसले. ठकी तिचं नाव. करवंदवाडीतलीच, आता किन्हवलीला असते. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल.

"मावशी, तुम्ही हात वर केला ना आत्ता?"

"नाय गो."

"दिपिकाने सांगितलं होतं ना?"

"सांगलं व्हतं. आमी करनारच व्हतो. शूटिंगचंच तर हाय, आमचं काय जातंय? पन हात उचललाच नाय, बाय. कुनाचाच."

"पण मला दिसले. सगळ्यांना दिसले."

ठकीने पदराने तोंड पुसलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "तवा भाऊंनापन तसंच दिसलं आसंल. माझी आय मरस्तवर सांगत व्हती, आमी हात नाय केला वर, नाय केला. कोन आयकतो? कागदावर तर लिवलेलं."

मी उठले ती तडक गाडीत जाऊन बसले. भाऊ खोटं बोलले नव्हते. मीही नाही. आणि इतकी वर्षं दर पुण्यतिथीला मी त्या माणसांच्या तोंडावर त्यांचा होकार सांगत होते, जो त्यांनी दिलाच नव्हता. त्यांतली कितीतरी माणसं समोर बसून ऐकायची. मला वाटायचं, आदराने गप्प आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहापूरच्या लॉजवर, खालच्या हॉलमध्ये, आदेशने सगळ्यांना बोलावलं. आम्ही पंधराजण असू. चहा आला, कुणी प्यायलं नाही. आदेश रात्रभर जागा असावा, पण आवाज ठणठणीत होता. कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड आहे, तो म्हणाला. हात कॉम्प्युटरवर लावून घेऊ, झाल्या प्रकाराबद्दल बाहेर बोलायचं नाही.

"मला मान्य नाही," मी म्हटलं. "कॅमेऱ्यात दिसलं तसंच दाखवा, नाहीतर माझ्या वडिलांचं नाव काढून टाका."

 आदेशने समोरचा कप बाजूला सारला. "ठीक आहे ताई. मग सगळ्यांनाच विचारू. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

एकेक हात वर गेला. दिपिकाने माझ्याकडे न बघता केला. मी माझे दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर दाबून बसले. खुर्चीची वेताची वीण हाताला रुतत होती.

आदेशची नजर सगळ्यांवरून फिरत माझ्यावर आली. त्याचा चेहरा एकदम निवळला.

"थँक यू, प्रेमाताई," तो म्हणाला. "तुम्ही समजून घ्याल याची खात्री होती मला. दिपिका, लिही, एकमताने."

"आदेश, मी हात वर केलेला नाही."

कुणीतरी हसलं. आदेशही हसला, प्रेमाने. तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता, माझ्या डोक्याच्या थोडं वर बघत होता.

"झालं ताई," तो म्हणाला. "आता खाली घ्या."