शेवटचा पीळ

ही गोष्ट भर दुपारी घडली. बाहेर ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती. म्हणूनच मिस्त्री ती सहसा कोणाला सांगत नाहीत. रात्रीची असती, तर लोकांनी निदान अर्धी तरी खरी मानली असती.

काम तसं साधंच होतं. घड्याळजींच्या जुन्या गाडीला नवे, अधिक चांगले भाग बसवायचे होते. स्टिअरिंगची रॅक, दोन टायरॉड, चार स्प्रिंगा, चार शॉकअप आणि सांध्यांत बसणाऱ्या रबरी बुशांचा एक डबा. गाडी दोनच माणसांची, उघड्या टपाची, जमिनीला पोट लावून पळणारी. बावीस वर्षांपूर्वी घड्याळजींनी ती भंगारातून आणली होती आणि प्रत्येक रविवारी त्यांनी आणि मिस्त्रींनी, दोघा मित्रांनी, तिच्याखाली पाठ घासली होती. स्टिअरिंगला चार बोटांचा खेळ होता, तेवढं ते नुसतंच फिरायचं. "हिला वळ म्हटलं, की आधी विचार करते, मग वळते," असं घड्याळजी म्हणायचे. "आमच्या घरासारखंच." हे आपल्या बायकोला, म्हणजे वहिनींना, ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे.

नवे भाग आले त्याच आठवड्यात घड्याळजी गेले. वर्षभराच्या आजाराने पार वाळून गेले होते. खोका आठ महिने पलंगाखाली पडून राहिला.

मग एक दिवस वहिनी गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ते भाग आता बसवा. डोंगरावरच्या तळ्यापर्यंत नेईन, असा ह्यांनी मला शब्द दिलाय."

"अहो, पण चालवणार कोण?"

"मीच की. चार महिने शिकतेय. मास्तरांच्या क्लचचा जीव घेतला, पण शिकले. तुम्ही नुसती गाडी सरळ धावेल अशी करून द्या."

मिस्त्रींनी तीन दिवस खपून काम केलं. वहिनी रोज जेवणं आटोपून यायच्या, स्टुलावर बसून रॉकेलमध्ये नट-बोल्ट धुवायच्या आणि ओळीने फडक्यावर मांडायच्या. मध्येच हात थांबायचा. "हा त्यांनीच पिळलेला असणार," म्हणायच्या, आणि एखादा गंजका नट तसाच मुठीत धरून ठेवायच्या. गाडीखाली मिस्त्रीही प्रत्येक नट सोडवताना मनात तेच म्हणत होते.

चौथ्या दिवशी दुपारी फक्त शेवटचा पीळ राहिला.

हे जरा समजून घ्यायला हवं. गाडी हवेत टांगलेली असताना रबरी बुशांचे बोल्ट नुसते हाताने लावून ठेवायचे असतात. पक्के पिळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करायची, चालवणारा माणूस आत बसवायचा, त्याच्या वजनाने गाडी जिथे बसेल तिथेच शेवटचा पीळ द्यायचा. रबर त्या वजनाला धरून राहतं. मग गाडी त्या माणसाची होते, असं घड्याळजी म्हणायचे.

"बसा वहिनी."

वहिनी स्टिअरिंगमागे बसल्या. मिस्त्रींनी चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप लावली. त्यांची बाजू थोडी खाली गेली होती, जायला हवी तेवढीच. मग ते पलीकडच्या बाजूला गेले. तिथे कोणी नव्हतं, म्हणजे ती बाजू उंच असायला हवी होती.

ती बोटभर जास्तच खाली होती.

"उतरा जरा."

वहिनी उतरल्या. त्यांची बाजू हुश्श करून वर आली. पलीकडची तशीच राहिली.

"स्प्रिंग मऊ आलीय," मिस्त्री म्हणाले. "अशी बदमाशी करतात हे लोक." त्यांनी दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा उतरवल्या आणि अदलाबदल करून पुन्हा चढवल्या. तासभर गेला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, कुणाचं तरी पोर रडलं, आणि मग सगळं शांत झालं. गाडी पुन्हा चाकांवर उतरवली.

तीच बाजू खाली. तेवढीच.

गॅरेजमध्ये ग्रीसचा आणि नव्या रबराचा वास भरलेला होता. त्यात आता आणखी एक वास होता, अगदी हलका. घड्याळाचे बारीक भाग ज्या पातळ तेलात बुडवतात, त्याचा. मिस्त्रींनी नाक पुसलं आणि सीटवरून हात फिरवला. सीट रिकामी होती. फक्त गादी मधोमध दबली होती.

वजन धरायला त्यांच्याकडे वाळूच्या पिशव्या होत्या, प्रत्येकी दहा किलोच्या. ते एकेक पिशवी चालवणाऱ्याच्या सीटवर ठेवत गेले. चार ठेवल्या, पाच ठेवल्या. टेप लावत गेले. आठ पिशव्या झाल्या, तेव्हा दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या. वर दोन किलोचं माप ठेवलं.

अगदी बरोबर.

"किती झालं?" वहिनींनी विचारलं.

"ब्याऐंशी."

वहिनी पदराने तोंड झाकून हसल्या की रडल्या, ते मिस्त्रींना कळलं नाही.

"भाऊजी, शेवटी शेवटी ते एकोणपन्नासवर आले होते. मी एकटी उचलून न्हाणीघरात न्यायचे. मला लाज वाटायची, इतके हलके लागायचे..." त्यांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं. "ब्याऐंशी म्हणजे आजारपणाच्या आधीचं. बरे झालेत हो ते."

मिस्त्रींच्या हातातली टेप सर्रकन गुंडाळली गेली. त्या आवाजाने ते स्वतःच दचकले.

"वहिनी, आज राहू दे. घरी जा."

"पीळ द्या."

"ऐका माझं. असं नसतं देता येत. ह्या वजनाला धरून पीळ दिला आणि उद्या ते... उद्या ते उठून गेलं, तर गाडी एका बाजूला ओढेल."

"आणि नाही दिला, तर आत्ता उठून जातील." वहिनींचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आठ महिने घरात शोधतेय, भाऊजी. पलंगावर नाहीत, घड्याळांच्या दुकानात नाहीत, स्वप्नात म्हणाल तर एकदासुद्धा नाहीत. इथे सापडलेत. मला एकदाच जाऊन येऊ द्या."

मिस्त्रींना आत कुठेतरी थोडं लागलं. बावीस वर्षांचा दोस्त आला, आणि आपल्याशी एक शब्द नाही. त्यांनी पिशव्या उतरवल्या. वहिनी स्टिअरिंगमागे बसल्या. मिस्त्री गाडीखाली सरकले आणि टॉर्क पाना लावला. हा पाना नेमका पीळ बसला की टक्क वाजतो.

टक्क. टक्क. टक्क.

वरून वहिनींचं बोलणं ऐकू येत होतं, हळू, घरात दोघंच असताना बोलावं तसं. "नाही... पाण्याची बाटली घेतलीय... अहो, मला येते चालवता." मध्ये मध्ये थांबायच्या, समोरच्याचं ऐकून घ्यावं तेवढंच. शेवटच्या बोल्टला मिस्त्रींचा हात थांबला. बाजूला बसून जाणं घड्याळजींना कधीच जमलं नव्हतं. जिवावर यायचं. पाच मिनिटांत म्हणायचे, सरक, दे इकडे.

"भाऊजी?" वरून हाक आली. "झालं का?"

त्यांनी पीळ दिला. टक्क.

गाडी गेली ती सुतासारखी सरळ गेली. मिस्त्री दारात उभे राहून बघत होते. वळणावर स्टिअरिंग वळायच्या आत गाडी वळली. खेळ उरलाच नव्हता.

ऊन उतरायच्या आत त्या परत आल्या. गाडी नेमकी आपल्या जागेवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर, एका दमात येऊन थांबली. मिस्त्री लगबगीने दार उघडायला गेले आणि जागीच थांबले. वहिनी पलीकडच्या दाराने उतरत होत्या. केस वाऱ्याने विस्कटलेले, गाल लाल, वीस वर्षांनी लहान दिसत होत्या.

"तळं पाहिलं," त्या म्हणाल्या. "पाणी बघून किती हसले! तुमची आठवण काढली हो त्यांनी. म्हणाले, मिस्त्रीने काम चोख केलंय."

"वहिनी... गाडी कोणी चालवली?"

"अर्ध्या वाटेत म्हणाले, सरक, दे इकडे." त्यांनी पदर सारखा केला. "मी दिली."

मिस्त्रींना राहवलं नाही. ते खाली बसले आणि टेप लावली. चालवणाऱ्याची बाजू खाली दबलेली होती. मग ते पलीकडे गेले. वहिनी त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, त्यांच्या साडीचा काठ मिस्त्रींच्या खांद्याला लागत होता. ती बाजूसुद्धा खालीच होती. वहिनी उतरल्या होत्या, पण गाडी वर आली नव्हती.

ह्याला आता दोन वर्षं होतील. गाडी त्याच कोपऱ्यात आहे, आत दोन माणसं बसावीत तशी दबलेली. मिस्त्री तिच्या बोल्टांना हात लावत नाहीत. वहिनी छान आहेत, हसतात, खातात-पितात. दर आठवड्याला येऊन गाडी पुसतात आणि परत घरी जातात. मिस्त्रींनी कधी काही विचारलं नाही. मागच्या आठवड्यात मात्र बोलता बोलता वहिनींनीच सांगितलं.

"काल दवाखान्यात गेले होते, भाऊजी. तिथला वजनकाटा बिघडलाय बघा. ती नर्स बिचारी तीनदा म्हणाली, बाई, अजून चढला नाहीत का तुम्ही?"