एक तांब्या कमी

"ओ गिरणीवाले! करंट भेटन का जी?"

खुशालनं मान वर केली. पुस महिन्याची थंडी, पैनगंगेकून आलेलं धुकं, अन् गिरणीच्या दारात निळ्या स्वेटरातली एक बाई... हातात वायरचं भेंडोळं घेऊन उभी. खुशालच्या मिशा, भुवया सगळ्या पिठानं पांढऱ्या. हातातलं सूप तसंच हातात.

"का मले पाहून लाईन गेली?"

"आहे ना... भेटन," तो म्हणे, अन् घाबऱ्या-घाबऱ्या चालू गिरणीच बंद करून बसला. कोनाची तरी जवारी अर्धी आत, अर्धी बाहेर.

आता त्या बाईच्या मांगं उभी होती तशी गाडी भीमपुरात कोनं पाह्यली नव्हती बापा. नव्वद-ब्याण्णवची गोष्ट. बाहेर देशातल्या कोन्या संस्थेनं दान देल्ली होती. चाकावरचं घरच म्हणा ना. आत पलंग, ओटा, न्हानी. लहान लेकरं अन् बाळंतिणी तपासाले गावोगाव फिरे. निळ्या स्वेटरवाली हे नर्सबाई मनकर्णा, मंचेरियलची, कोळशाच्या खाणीतल्या कामगाराची पोरगी. संगं आया कौशल्याबाई. गाडीले करंट पाह्यजे, अन् करंट गिरणीत. म्हणून गाडी गिरणीपाशीच लागली, अन् डायवर आदिलाबादले निंघून गेला.

खुशालची माय वारल्यापासून तो गिरणीमांगच्या खोलीत एकटाच राहे. दिवसभर गिरणीचा कल्ला, म्हणून एकटं वाटे नाई. पट्टा थांबला का मंग वाटे. आंगणात मायचा तांब्याचा बंब होता, हिरवा पडलेला, नळीत चिमणीचा काडीकचरा. एका मानसासाठी बंब कोन पेटवते? थंड्या पाण्यानंच आंग धुये तो, हू-हू करत.

मनकर्णानं ते आयकलं.

"सिंहाची डरकाळी समजली मी," ती म्हणे. "निमोनिया झाला तं गाव दळन कोनापाशी नेईन? घ्या, बकेट आना."

गाडीत पाणी तापवाची मशीन होती. करंट असला तं करंटवर चाले, गेला तं डिझेलवर. मनकर्णा रोज सकाळी तिले तपासे, जशी लेकराची नाडी पाहे. धूर जायाच्या नळीत कुटार-कचरा तं नाई अडकला, बॅटरीत जीव आहे का, अन् बाजूच्या झाकनाखालच्या लहान टाकीतलं पाणी दोन रेघांच्या मधात आहे का.

"माह्या गिरणीवानीच आहे हे," खुशाल म्हणे. "मोटर बंद, तं इंजन. पन डिझेलवर चालते तं बॅटरी कायले?"

"पेटवाले! नुसतं डिझेल भरून ठेवलं तं काय होते? कोनं तरी सुरवात करा लागते ना जी..."

असं बोलून तिनं त्याच्याकडं असं पाह्यलं, का खुशाल डिझेलच्या डब्याकडं पाहत राह्यला. कौशल्याबाई आतून खोकलली, मुद्दाम.

रोज सकाळी एक बकेट. धुक्यात तिचा हात बाहेर येये, वाफ निंघे, बोटाले बोट लागे न लागे... अन् खुशालचा दिवस तेवढ्यावर जाये.

मंग एका सकाळी मशीन कुरकुरली. गाडीखाली हिरवं पाणी सांडलेलं. मनकर्णानं झाकन काढलं, तं टाकी काठोकाठ, अन् आतलं मशीनच्या औषधाचं हिरवंगार पाणी धुतल्यावानी फिक्कं.

"अय्यो! हे कोनाचं काम?"

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच बकेट देऊन ती गाडीच्या पडद्याआड बसली. पाहते तं, खुशाल बकेट नेते, मंग तांब्या घेऊन पलटून येते, हळूच झाकन उघडते अन् थंडं पाणी आत ओतते. वरून हातही जोडते!

"गिरणीवाले!"

तांब्या हातातून पडला.

"काऊन ओतता तुमी? त्या टाकीतलं पाणी आपलं नसते जी! ते नळ्यांतून फिरते, आंघोळीचं पाणी येगळं तापते. औषध पातळ झालं, आता नळ्या गंजन!"

खुशालचं तोंड उतरलं. "मले वाटलं... बंबावानी असन. बंबातून तांब्याभर काढलं का तांब्याभर ओता लागते. माय म्हणे, नुसतं घेत राह्यलं तं बंब जळते. मी तं रोज बकेटभर नेऊन राह्यलो. म्हणलं, तुमची मशीन जळू नोये..."

मनकर्णा भांडाले उभी राह्यली होती. भांडन तोंडातच राह्यलं. एवढी गावं फिरली ती. लोकं गोळ्या नेत, पावडर नेत, आशीर्वाद देत, जात. अन् गाडी पुढच्या गावाले. तिची मशीन जळू नोये म्हणून कोनं तांब्याभर पाणी ओतलं नव्हतं.

"येडे आहा," ती म्हणे. पन हळू.

मशीनचं औषध आदिलाबादहून डायवर घेऊन येईन, तवापर्यंत मशीन बंद. गाडीचा मुक्काम लांबला.

"बापू," कौशल्याबाई म्हणे, "आनखी एक तांब्या ओततं का रे?"

खुशालनं त्याच दिवशी चिंच लावून बंब घासला. असा चमकला का चिमणीही दचकली. आता गाडीत तपासाले आलेल्या लेकरांचं पाणी बंबावर तापे. मनकर्णा तांब्याभर काढे, तांब्याभर ओते. पऱ्हाटीच्या काड्या जाळाले दोघं बसत. बोलनं थोडं, धूर जास्त.

"मंचेरियलच्या कोनाची आठवन येते का जी?" खुशाल इचारे.

"धुरानं डोये आले माहे," ती म्हणे. अन् आनखी एक काडी आत सारे.

मंग डायवर आला. औषध भरलं, नळ्यांतली हवा काढली, मशीन करंटवर पाह्यली, डिझेलवर पाह्यली. दोन्हीवर चांगली. खुशालले वाटलं, एकावर तरी बिघडली असती...

सकाळी गाडी गुडीहत्नूरकडं निंघनार. सांगाचं खुशालनं पाठ करून ठेवलं होतं. पन बाहेर आला तं त्याच्याच आंगणात धूर. मनकर्णा बंब पेटवून बसलेली. तिनं तांब्याभर ऊन पाणी काढलं, तोंड धुतलं, पदरानं पुसलं. तांब्या उपडा ठेवला अन् उठली.

"ओतलं नाई तुमी," खुशाल म्हणे.

"नाई."

"बंब जळन..."

"मंग जळू देऊ नका." तिनं पदर खोचला. "ते ओताचं माह्याकडं बाकी आहे. मीच येईन. दुसऱ्या कोनाले ओतू देसान तं पाहा!"

गाडी गेली. वायर ओढल्याची रेघ तेवढी मातीत राह्यली.

खुशाल रोज बंब पेटवे. त्यानं काढलं तेवढं ओते, तिचा तांब्या कमीच ठेवे. माघ गेला, शिमगा गेला, कोनाचं येनं नाई का निरोप नाई. चैत लागला, दगड तापाले लागले, तरी बंब पेटलेलाच.

"खुशाल्या, ऊन कमी पडून राह्यलं का बे तुले?" गिरणीवर दळन आनलेला रामाजी म्हणे. सारे हासत. खुशाल दळत राहे.

एका दुपारी पट्टा थांबवून तो मांगं आला. बंबापाशी टरंक ठेवलेली. अन् घामानं डबडबलेली मनकर्णा... तांब्या शोधून राह्यली.

"बदली मागून घेतली. इथल्या दवाखान्यात," ती म्हणे. "एवढ्या उन्हात बंब पेटवते का कोनी?"

"इझला असता तं... तुमी तांब्या कशात ओतला असता?"

तिनं रांजनातून तांब्या भरला. पाणी आत पडलं, बंब चर्रर्र बोलला.

"झालं फिटलं," खुशाल म्हणे. अन् लगेच भेव वाटलं त्याले. "आता... आता जासान का मंग?"

मनकर्णानं तोटी फिरवली, ऊन पाणी काढलं, अन् तो तांब्या त्याच्या हातात देल्ला.

"तोंड धुवा पहिले. पीठ लागलं आहे सारं. मानूस कसा दिसते, हे तरी पाहू द्या मले."