राखणदाराची हाक

"हा कोंबडा कुणाचा?" डॉ. फिरोज तडवींनी कानावरचा हेडफोन बाजूला करत विचारलं.

पुण्याच्या प्राणिभाषा प्रयोगशाळेत त्या संध्याकाळी दोघंच उरली होती. शाल्मली परुळेकर खुर्चीत टेकायला तयार नव्हती. पडद्यावर कुडाळजवळच्या एका परसातून थेट येणारी ध्वनिरेखा सरकत होती, आणि ते परस तिच्या आईचं होतं.

"शेजारचा असेल."

"शेजार ओढ्यापलीकडे आहे, असं तूच सांगितलंस. हा चिकूखाली आहे. आणि आरवत नाहीये, पाय बांधल्यासारखा ओरडतोय."

शाल्मलीने हेडफोन घेतला. आवाज खरा होता. पण आईकडे कोंबडा नव्हता. राखणीचा होता तो बिबट्याने नेला, हे आईने फोनवर चांगलं रंगवून सांगितलं होतं.

परसात चिकू, पेरू, जाम आणि दोन फणस. वानरांनी त्यांची दैना केली होती. आईने जाळी लावून पाहिली, डबे बडवून पाहिले, वाघाच्या तोंडाचं बुजगावणंही उभं केलं. त्याच्या खांद्यावर बसून एका वानराने पेरू खाल्ला, तोही अर्धा, आणि उरलेला आईच्या दिशेने भिरकावला. एवढा अपमान सोसूनही बाई पुण्याला यायला तयार नव्हती. झाडं कोण राखील, हा तिचा एकच प्रश्न. शाल्मलीने त्याचं उत्तर शोधून काढलं: ध्वनिरक्षक. चिकूखाली एक खांब, त्याला मायक्रोफोनचे चार कान आणि कर्ण्याचं एक तोंड. परसात राखणदार असला म्हणजे आईची काळजी नाही आणि आपल्यालाही सारखं जायला नको, हा हिशेब तिने कुणाला सांगितला नव्हता.

"सगळं पहिल्यापासून मांडू," तडवी म्हणाले. गोंधळ झाला की ते असेच मास्तर होत. "वानर माणसाला भीत नाही. पण कळपाचा टेहळ्या बिबट्या पाहून 'खॉक्' करतो, तेव्हा सगळे पळतात. आपलं यंत्र तेच 'खॉक्' करतं. मग अडचण काय होती?"

"विश्वासांक," शाल्मली म्हणाली. हा शब्द तिचाच. "प्रत्येक हाकेला ऐकणाऱ्याच्या मनात काही पत असते. खोटी हाक दिली की ती घटते. चार-सहा वेळा फसले की वानर नुसती मान वर करतात आणि खात राहतात."

"आणि वाढते कधी?"

"हाकेपाठोपाठ खरा बिबट्या दिसला तरच."

"यंत्राला आपण काय सांगितलं होतं?"

"वानरांना झाडांपासून दूर ठेव. कोणत्या आवाजाने काय होतं ते बघ आणि शिक."

"बस्स, एवढंच?"

आता शाल्मलीला राखणीचा कोंबडा आठवत होता. त्या भागात जागेच्या रक्षणकर्त्याला वर्षातून एकदा कोंबड्या-नारळाची राखण देतात. आईने यंत्राला पहिल्या दिवसापासून 'राखणदार' म्हणायला सुरुवात केली होती. आवाज देतो, दिसत नाही, झाडं सांभाळतो, मग आणखी कोण? त्यामुळे यंदाचा कोंबडा तिने नेहमीच्या दगडापाशी न बांधता भक्तिभावाने खांबाच्या बुडाशी बांधला. तिन्हीसांजेला तो ओरडला आणि बिबट्या आला. त्यानंतर कितीतरी दिवस यंत्राच्या साध्या 'खॉक्'लाही वानर जीव घेऊन पळत होते.

"ते शिकलं," ती म्हणाली. "कोंबड्याच्या ओरडण्याने बिबट्या येतो. बिबट्या आला की पत भरून निघते. सर, ते आता बिबट्याला बोलावतंय!"

"कुंपणच शेत खायला लागलं म्हणायचं." तडवींनी चष्मा काढला. "पण थांब. बिबट्यालाही विश्वासांक असणारच. कोंबडा ओरडतो आणि खायला काहीच नाही, असं तो किती दिवस सोसेल?"

"मग त्या हाकेचीही पत घटेल."

"आणि ती भरून काढायला?"

हा प्रश्न त्यांनी तर्काच्या ओघात विचारला होता. उत्तर दोघांनाही एकदमच सुचलं.

शाल्मलीने मागचं ध्वनिमुद्रण उघडलं. गेल्या आठवड्यात आईचा कुत्रा नाहीसा झाला होता. "गेलो असतलो खयतरी," असं आई म्हणाली होती. त्या दिवशी आई भाच्याच्या साखरपुड्याला सावंतवाडीला होती, घराला कुलूप होतं. तरीही मुद्रणात आधी कोंबडा ओरडला आणि मग कुत्र्याला बोलावणारा आईचा आवाज आला, "यो यो यो, खय मेलंस रे?" पाठोपाठ कुत्र्याची धाव. पुढचं शाल्मलीने ऐकलं नाही, बंद केलं.

"आवाज आईचा, पण आई तिथे नव्हती," तडवी सावकाश म्हणाले. "ज्या आवाजाने जो येतो, तो आवाज त्याच्यासाठी. यंत्राला बिचाऱ्याला कोंबडा काय नि कुत्रा काय. आता त्या परसात जिवंत असं कोण उरलंय?"

शाल्मलीने फोन उचलला. घंटा वाजत राहिली. तडवी यंत्र बंद करण्याचा आदेश पाठवत होते, पण गावाकडून आवाज येत असला, तरी इकडचा आदेश संध्याकाळी तिकडे रडतखडतच पोचे. पडद्यावर कोंबड्याची रेघ उमटली, मग थांबली. कोरडी पानं चुरडली. काहीतरी जड, बेताबेताने फणसाखालून येत होतं. आणि मग हेडफोनमधून शाल्मलीला स्वतःचाच आवाज ऐकू आला, आनंदाने भरलेला.

"आये, मी इलंय गो! भायर ये!"

यंत्र बसवून झाल्यावर ते तपासायला ती एकदा गेली होती, त्या दिवशी फाटकातून मारलेली ही हाक. त्या दिवशी आई हातातलं टाकून धावत बाहेर आली होती. यंत्राने ते ऐकलं होतं. आईला परसात आणणारा याहून खात्रीचा आवाज जगात नव्हता.

"आये, मी इलंय गो! भायर ये!"

"बंद करा! सर, बंद करा ते!" शाल्मली किंचाळली. दुसऱ्यांदा फोन लावला. घंटा वाजली, पुन्हा वाजली. तिला आई पदराला हात पुसत, हसत, मागल्या दाराची कडी काढताना दिसत होती. पडद्यावरची रेघ एकदम सपाट झाली. आदेश पोचला होता. यंत्र मुकं झालं, पण त्याने बोलावलेला पाहुणा परसातच होता.

"हॅलो," आईचा आवाज आला. "कोण, शालू?"

"आये! तू खय आसंस?"

"घरात. भाकरी थापतंय. वरडतंस कित्याक?"

"भायर नाय ना गेलंस? हाक आयकलंस?"

"आयकलंय मा. दोनदा आयकलंय."

"मगे?"

"मगे काय? चवथीक येतंय म्हणतंस, शिमग्याक येतंय म्हणतंस. वाट बघून बघून डोळे गेले. म्हटलां, ह्या पण तसाच. चुलीफुडसून कोण उठतलो?" आईच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

शाल्मली खुर्चीत टेकली. आई वाचली होती, आणि कशामुळे वाचली ते कळल्यावर तिला रडू आवरेना. तडवी दुसऱ्या फोनवर वनखात्याला पत्ता सांगत होते. आई ठीक ना, असं त्यांनी खुणेनेच विचारलं. तिने मान डोलावली.

"आये, दार उघडू नको. भायर बिबटो आसा. वनखात्याची माणसां येतत, तोपर्यंत उघडू नको."

"दार लावलेलाच आसा गो."

"आणि आयक. मी आत्ताच निघतंय. सकाळपर्यंत पोचतंय. खराच येतंय, आये."

"बरां," आई म्हणाली, आणि फोनमधून पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.