वन्संच्या नावाची पानं

प्रिंटरचं काम म्हटलं की मी सहसा टाळाटाळ करतो. कॉम्प्युटर बिघडला तर का बिघडला ते शोधता येतं. प्रिंटर नुसता रुसतो, आणि रुसलेल्याची समजूत काढण्याइतका धीर माझ्यात नाही. पण मास्तरीणबाईंना नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्यांच्या धापा टाकणाऱ्या कॉम्प्युटरवर दोन महिन्यांपूर्वी लिनक्स मीच टाकून दिलं होतं आणि आता दहा वर्षं बघायला नको, अशी फुशारकीही मीच मारली होती.

बाई कपड्यांचे नमुने काढून द्यायच्या. कोट, झगे, शाळेचे गणवेश, काहीही. कॉम्प्युटरवर आखायचं, साध्या कागदावर तुकड्यातुकड्यांनी छापायचं, पानं एकमेकांना चिकटवायची आणि त्यावरून कापड बेतायचं. शिवण शिकवायच्या म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत.

मी गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आभाळ भरून आलेलं, तरी वारा नाही. तळमजल्याची ती खोली लांबट होती. मधोमध बेतायचं टेबल, एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. कोपऱ्यातून लाकडी जिना वर गेलेला. खोलीत इस्त्रीच्या वाफेचा वास भरून राहिला होता आणि त्याच्याखाली शाईचा, गोडसर, जरा आंबलेला.

दुखणं तसं सरळ होतं. लिनक्सने त्या इंकजेटला ओळखलं नव्हतं, त्याच्या चुलतभावाचा ड्रायव्हर लावून वेळ निभावली होती. त्यामुळे निळा रंग गायब, काळ्या रेघा तुटक, आणि मुख्य म्हणजे माप चुकत होतं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तपासणीसाठी दहा सेंटिमीटरचा चौकोन असतो. बाईंनी टेप लावून दाखवलं, तो नऊ पूर्णांक सातच भरत होता. पान कागदात बसावं म्हणून प्रिंटर ते आपल्या मनाने आक्रसत होता. त्या मापाने बेतलेले दोन कोट गिऱ्हाइकांच्या अंगात शिरले नव्हते.

मी नेमका ड्रायव्हर शोधून बसवला, शाईची तोंडं तीनदा साफ केली, पान आक्रसायची सोय बंद केली. चौकोन दहाचा आला. मी पिशवी आवरायला लागलो, तेव्हा बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “अजून एक दाखवायचंय.”

त्यांनी कपाटातून पानांचा गठ्ठा काढला. तेवीस पानं. प्रत्येकावर एखादी वळणदार रेघ, कोपऱ्यात चौकोन. त्यांनी सांगितलं, की ही पानं त्यांनी कधी छापायला दिलीच नव्हती. गेले तेवीस दिवस रोज दुपारी सव्वातीनच्या सुमाराला प्रिंटर आपोआप जागा होतो आणि एक पान टाकतो.

मी टेप घेऊन एक चौकोन मोजला. बरोब्बर दहा. दुसरा मोजला. तोही दहा. ज्या प्रिंटरने बाईंची सगळी पानं आक्रसली, त्याने ही मात्र बिनचूक छापली होती.

बाईंचा संशय दिरावर होता. तो वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. ही खोली त्याला दुकानाला हवी होती आणि आपल्याला भेदरवून हाकलायचा त्याचा डाव आहे, असं त्या जिन्याकडे बघत बघत म्हणाल्या. वायफायवरून करत असेल, त्याला कळतं त्यातलं.

मला ते पटलं. कोणी काय छापलं याची नोंद लिनक्स ठेवतंच. मी ती उघडली. त्या मशीनवर दोनच नावं होती, बाईंचं आणि माझं. नोंदीत तिसरं होतं. तेवीस दिवस, तेवीस ओळी, वेळ तीन वाजून चौदा मिनिटं. पानं वायफायवरून आलेली नव्हती, ह्याच कॉम्प्युटरवरून सुटली होती. आणि नाव इंग्रजी अक्षरांत असलं तरी वाचलं की अस्सल मराठी होतं. वन्सं.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग हळूहळू कळलं, की त्यांची नणंद वीस वर्षं याच टेबलावर त्यांच्याबरोबर काम करायची. आठ महिन्यांपूर्वी ती या जिन्यावरून पडून वारली. भर दुपारी. बाई बाजारात होत्या, दीर कामावर.

खरं सांगतो, त्या क्षणी माझा संशय बाईंवरच गेला. नणंदेला वन्सं कोण म्हणतं? भावजय. भावाने, म्हणजे दिराने, हा खोडसाळपणा केला असता तर ताई लिहिलं असतं. या घरात ते नाव फक्त एका जिभेवर होतं, आणि ती जीभ माझ्यासमोर बसली होती.

तेवढ्यात दीर खाली आला. पन्नाशीचा, अबोल माणूस, डावा हात खिशात. वहिनींना पाणी आणायला आत पाठवून तो माझ्याजवळ आला आणि जे म्हणाला ते माझ्या मनातलंच होतं. वहिनी स्वतःच छापतात, मग विसरतात. ताई गेल्यापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही तो प्रिंटर घेऊन जा, म्हणजे प्रश्नच मिटला. बोलताना त्याची नजर त्या गठ्ठ्यावरून हलत नव्हती.

तीन वाजून गेले होते. मी ठरवलं, आता सोक्षमोक्ष लावूनच जायचं. वायफायचा डबा बंद केला, कीबोर्ड काढून खिडकीत ठेवला. बाईंना खुर्चीवर बसवलं, हात मांडीवर. दिराला जिन्यापाशी उभं केलं.  आत कुठेतरी नळ ठिबकत होता.

तीन चौदाला प्रिंटरचा दिवा लुकलुकला.

आतली पेटी डावीकडून उजवीकडे सरकली, परत आली. नोंदीत चोविसावी ओळ उमटली. मी झेप घालून कॉम्प्युटरकडून येणारी केबल उपसली. पेटी थांबली नाही. प्रिंटरच्या पोटात थोडं साठलेलं असतं, मी स्वतःला समजावलं. पान सावकाश, टोकापर्यंत छापून खाली पडलं.

बाई उठल्या. आता त्या घाबरलेल्या दिसत नव्हत्या, कामाला लागलेल्या दिसत होत्या. त्यांनी चोवीस पानं टेबलावर मांडली. चाराच्या सहा रांगा. रेघा एकमेकींना जुळत गेल्या. बराच वेळ त्या वाकून बोट फिरवत राहिल्या.

“हात वन्संचाच आहे,” त्या म्हणाल्या. “काखेचं वळण त्या असंच काढायच्या... पुरुषाचा कोट आहे. पण पुढे उघडायला जागा नाही. पाठ सगळी मोकळी सोडलीय.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“उभ्या माणसाला असा कोट घालता येत नाही. आडव्याला घालतात, वरून... शेवटचा.”

मग त्यांनी बाह्यांना टेप लावला. डावी बाही उजवीपेक्षा तीन बोटं आखूड होती. त्यांनी टेप तसाच धरून मान वर केली आणि दिराकडे पाहिलं. मीही पाहिलं. डावा हात त्याने अजून खिशातून काढला नव्हता. लहानपणी मोडून आखूड राहिलेला हात होता तो, हे मला नंतर कळलं. त्याचे कपडे आयुष्यभर बहिणीनेच शिवले होते.

तो खालच्या पायरीवर बसला. 

“मी घरीच होतो त्या दिवशी,” तो म्हणाला. “वर. खोलीवरून आमचं वाजलं होतं. ती तणतणत खाली निघाली... मग आवाज आला. मग हाका मारायला लागली मला. मला वाटलं, चिडून ओरडतेय... नाही, तसं नाही वाटलं. मला कळलं होतं.”

“किती वेळ?” बाईंनी विचारलं.

“सव्वातीनपर्यंत.”

 बाईंनी पानं गोळा केली, कडेला कड लावून नीट केली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. तो ती घेऊन वर गेला. संध्याकाळी एक बॅग घेऊन घरातून बाहेर पडला, आणि कुठे गेला ते आजवर कोणाला माहीत नाही. बाईंनी पोलिसांत कळवलं, त्यांनीही शोधलं. वरची खोली झाडलोट केलेली सापडली. पानं सापडली नाहीत.

तो प्रिंटर बाईंना घरात नको होता, म्हणून मी माझ्याकडे आणला. त्यांना दुसरा बसवून दिला, तो सुरळीत चालतो. जुना महिनाभर माझ्या माळ्यावर पडून होता. मला अजून वाटत होतं, कोणीतरी मला बनवलंय. बाईंनी, दिराने, कदाचित दोघांनी मिळून. आत एखादी चिप दडवलेली निघेल, म्हणून एका रविवारी सकाळी मी तो उघडला.

चिप नव्हती. तळाशी, तोंडं साफ करताना वाया जाणारी शाई शोषून घ्यायला एक जाड नमद्याची गादी असते. तिच्यावरच्या झाकणाला कारखान्याचं सील होतं, न फाटलेलं. मी ते फाडलं. एवढ्या वर्षांत ती गादी काळी ठिक्कर व्हायला हवी होती. ती कोरी, पांढरी होती. आणि तिच्यात टाचण्या टोचलेल्या होत्या, शिंपी वापरतात तसल्या, एका उंचीच्या. चाराच्या सहा रांगा.

मी त्यांना हात लावला नाही. झाकण लावलं, स्क्रू आवळले, वरून चिकटपट्टी फिरवली. बाईंना सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पण दर रविवारी एकदा उघडून बघितल्याशिवाय मला राहवत नाही.

काल मोजल्या. पंचवीस आहेत. सातवी रांग सुरू झालीय.