सातव्या कपाची जागा

तुम्ही हसाल, हसा. पण जे सांगतेय ते माझ्या सख्ख्या भावाचं आहे, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

गेल्या वर्षीचा बावीस नोव्हेंबर. बार्सिलोना, जिरोना रस्त्यावरचं शंभर वर्षांपूर्वीचं घर. भर दुपार, लख्ख ऊन.

मी नेउस. धाकटा भाऊ ब्लाय आणि मी जुन्या घरांची धुराडी दुरुस्त करतो. ही धुराडी फुटक्या कपबशांच्या तुकड्यांनी मढवलेली असतात. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. काम एकत्र, जेवण एकत्र.

त्या धुराड्यावर सोनेरी काठाचे सहा तुकडे होते.

सातव्याची जागा रिकामी…

"ती तशीच ठेवा हं," दारवानबाई फिलोमेना म्हणाल्या. "घर बांधताना मालकाच्या सहा पोरांनी आपापला कप फोडून दिला. सातवा हटून बसला, दिला नाही. त्याच हिवाळ्यात सहाही पोरं तापाने गेली. तो तेवढा वाचला."

"आजी, चुन्याला काय कळतंय पोरं किती होती ते!" ब्लाय हसला.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. आधीच फुटलेलं भांडं लावायचं. ज्या कपातून कोणी अजून पितंय, तो फोडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या कामाची तपासणी होती, आणि ती रिकामी जागा ब्लायला खुपत होती. मी चुना आणायला खाली गेले. परत आले, तर ब्लायच्या हातात त्याच्या कॉफीच्या कपाचा कान होता. नुसता कान. आईने दिलेला कप, सोनेरी काठाचा.

तुकडा जागेवर बसला होता…

"बघ ताई, घासावासुद्धा लागला नाही!"

"गाढवा, अक्कल गहाण टाकलीस का?" मी खूप बोलले त्याला. मग राग गिळून डबा उघडला.

"मी जेवलो की," तो म्हणाला.

"कधी? कुठे?"

तो गोंधळून धुराड्याकडे बघायला लागला.

आणि मला ऐकू आलं…

ताटल्यांवर चमचे वाजत होते. आत. ते धुराडं खालून विटांनी केव्हाच बुजवलंय.

त्या दिवसापासून ब्लायने घरात घास घेतला नाही. डॉक्टर म्हणाले, "पोट तर भरलेलं आहे. मग वजन का घटतंय?"

सेंट एस्तेव्हच्या दिवशी, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, मी आईच्या पद्धतीचे कॅनेलोनी केले, खिमा भरलेल्या पास्त्याच्या नळ्या. त्यांना नको म्हणणारा माणूस आमच्या शहरात जन्माला यायचाय.

"तिथे सूप होतं गं," तो पोटावर हात फिरवत म्हणाला. मला रडू फुटलं.

मी छिन्नीने तो तुकडा काढला. खिशात घालून घरी आणला.

सकाळी खिसा रिकामा…

तुकडा धुराड्यावर होता. भोवतीचा चुना जुनाट, करडा, शेवाळलेला. फिलोमेनाबाईंनी नुसती मान हलवली. पाद्री झाले, डॉक्टर झाले. कोणाच्याच हातात काही नाही.

आता ब्लाय पलंगावरून उठत नाही. हाताची हाडं मोजता येतात. मी रोज त्याचं ताट मांडते, रोज उचलते.

काल मात्र तो खुशीत होता.

"ताई, ते तुझी चौकशी करत होते. विचारत होते, तुझा कप कुठला?"

घरातले सगळे कप नेऊन टाकलेत. पाणी ओंजळीने पिते.

पण माझा कप कुठला, ते ब्लायला लहानपणापासून माहीत आहे. त्याने सांगितलं का, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.

आज दुपारपासून मला भूक नाही.