डॉक्टरीणबाईंचं संथ गाणं

दुपारी तीन ते चार दवाखान्यात कुणी फिरकत नसे. दातांची डॉक्टरीणबाई तेवढा तास आतल्या खोलीचं दार लोटून गिटार घेऊन बसायची. आईच्या साठीला एक अख्खं गाणं वाजवून दाखवीन, असं तिनं थोरल्या भावाला ठणकावलं होतं. पोहणं, चित्रकला, शिवणकाम – सगळं अर्ध्यावर सोडणारी बहीण. तो पोट धरून हसला होता. गाणं होतं आईच्या आवडीचं, जॅझमधलं, जुनं आणि अगदी संथ. संथ म्हणजे सोपं, असं तिला वाटलं होतं.

त्या दिवशी तिनं दार उघडलं, तर बाहेरच्या बाकावर सुजलेला गाल धरून एक तरुण बसलेला. बहुधा सगळं ऐकलं होतं त्यानं. तिनं त्याला खुर्चीत घेतलं, भूल दिली. जीभ जड झाल्यावर त्यानं खुणेनं कागद मागितला आणि लिहिलं, 'तिसऱ्या कॉर्डला फार घाई करता. जरा थांबून बघा.'

"आणि तुम्ही तोंड उघडा," ती म्हणाली. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तो गिटार शिकवायचा. दाढेच्या कामाला चार खेपा लागल्या. तेवढ्यात रविवारच्या शिकवणीचंही ठरलं. त्याची खोली लाँड्रीच्या वर होती, खालून इस्त्रीचा ऊबदार वास यायचा. तो सांगायचा, हे गाणं पळवायचं नाही. एक सूर विरू द्यायचा, मग पुढचा. तिचं बोट तारेवर नीट बसवताना त्याचा हात क्षणभर तिथंच राहायचा... मग दोघंही घाईघाईनं गिटारकडे बघू लागायची.

एकदा बुधवारीच तो दवाखान्यात हजर. म्हणाला, उजवी दाढ ठणकते. तिनं आरसा फिरवून नीट पाहिलं.

"ही तर ठणठणीत आहे."

"मग... दुसरीकडे कुठेतरी दुखत असेल."

ती पाठमोरी होऊन बराच वेळ हात धूत राहिली. हसू काही आवरेना.

साठीच्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं. 'ओळखीचे' म्हणून तोही आला होता. पहिल्या दोन ओळी सुरेख गेल्या, आणि मधल्या वळणावर तिची बोटं थिजली. पुढचं काही म्हणता काही आठवेना. भाऊसुद्धा कावराबावरा झाला. तेव्हा भिंतीपाशी उभा असलेला तो हलकेच ती चाल गुणगुणू लागला – सावकाश, तिच्यासाठी थांबत थांबत. तिनं धागा पकडला आणि गाणं शेवटापर्यंत नेलं.

आईनं डोळे टिपले. मग त्याच्याकडे बघत लेकीला विचारलं, की तुझं गाणं यांना इतकं पाठ कसं? तिनं सांगितलं, यांच्याकडेच शिकते.

"एवढंच?"

"नाही," ती म्हणाली. "आवडतात मला ते."

मावशीच्या हातातली बशी हातातच राहिली. आई मात्र गालातल्या गालात हसली आणि तिनं दोघांना गॅलरीत पिटाळलं.

तिथं तो कठड्याला टेकला.

"मी दुसरं गाणं शोधून ठेवलं होतं," तो म्हणाला, "याच्यापेक्षा अवघड. म्हणजे तू रविवारी येत राहशील."

त्या 'तू'वर तिनं मान वर केली.

"गाणं नसलं, तरी येईन," ती म्हणाली. "आणि रविवारचीच वाट कशाला बघायची?"